डब्यातली एकाग्रता

कोल्हापूर जिल्ह्यात एकाग्रता मी आणली. सालही सांगतो, दोन हजार पाच. त्याआधी जिल्ह्यात ऊस होता, तालमी होत्या, दूध होतं. एकाग्रता तेवढी नव्हती. ती मी एका शनिवारी सकाळी पावणेदहा वाजता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आणली आणि त्याच दिवशी चारच्या सुमारास ती परत गेली. मधल्या सहा तासांत जे झालं त्याला मी जबाबदार नाही, असं मी तेव्हाही सांगितलं होतं. तेव्हाही कुणी ऐकलं नव्हतं!

पंचतारांकित म्हटल्यावर आमच्या पाव्हण्यांना वाटायचं, जोतीराम मोठ्या हॉटेलात लागलाय. प्रत्यक्षात मी एका फौंड्रीत होतो. पंपाचे सुटे भाग ओतणारी फौंड्री. आमच्या ड्रॉइंग सेक्शनला एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक खिडकी होती. खिडकीतून ऊस दिसायचा. "पंचतारांकित म्हंजे कुंपणाला पाच तारा," असा अर्थ आमचे हंबीरराव सांगायचे, आणि आमच्यापुरता तो बरोबर होता.

हंबीरराव म्हणजे ड्रॉइंग बघून लाकडी साचे करणारे आमचे जुने कारागीर. वय साठ. केसाच्या जाडीएवढी चूक नुसत्या बोटानं ओळखायचे. दुसरा वीरेश, माझ्याच वयाचा, नुकताच साखरपुडा झालेला, त्यामुळे अर्धा कामातून गेलेला. आणि तिसरा मी. खोलीबाहेरच्या बोळात चहाची खोली होती आणि तिथं आक्का होती. आक्का चहा करायची, टपाल घ्यायची, फाटकी ड्रॉइंगं चिकटवायची आणि कुणाचं काही चुकलं की मालकांच्या आधी तीच शिव्या देऊन मोकळी व्हायची. नऊ वर्षं ती हे सगळं रोजंदारीवर करत होती.

त्या दिवाळीत आम्हा तिघांकडे मोबाईल आले. एकाच दुकानातले, एकाच रंगाचे, तिळी भावंडं असावीत तसे! काय फोन होते ते! रविवारी चार्ज केला की गुरुवारपर्यंत बघायला नको. वरून पाडला तर फरशीला तडा जायचा, फोनला नाही. आत कॅमेरा नव्हता, इंटरनेट नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. आणि तरी त्यानं आमचा अख्खा दिवस खाल्ला!

वीरेशला रोज शंभर एसेमेस फुकट होते. एखादा शिल्लक ठेवणं म्हणजे त्याला ताटात भाकरी टाकून उठल्यासारखं वाटायचं. पलीकडे गडहिंग्लजमध्ये त्याची होणारी बायको शांभवी, तिलाही शंभर फुकट. हंबीररावांना फोनमधला साप सापडला होता. तो इकडून तिकडं पळणारा, ठिपके खाऊन लांब होणारा साप! त्यांचा साप पडदाभर झाला की भट्टीवरची माणसंसुद्धा हात पुसत आत यायची.

"मामा, डावीकडं घ्या, डावीकडं!"

"गप्प बसा रं! सापाला घाबरिवताय का मला?"

"मेला! मामा, तुमचा साप मेला!"

मग पाच मिनिटं सुतक.

मला मात्र कसलंही व्यसन नव्हतं. मी फक्त रिंगटोन बदलायचो. दिवसातून बेचाळीस वेळा.

तर शुक्रवारी संध्याकाळी आमचे मालक प्रभुलिंगअण्णा खोलीत आले. मालक मूळचे निपाणीकडचे. रागावले की कन्नडमध्ये सुरू व्हायचे आणि मराठीत संपायचे, मधे आम्हाला काय म्हणाले ते कधीच कळायचं नाही.

"तम्मा," मालक मला म्हणाले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ "मेलास" असा असायचा. "पुण्याच्या कंपनीची चौदा ड्रॉइंगं उद्या पाचच्या आत गेली पायजेत. न्हाय गेली तर काम दुसऱ्याकडं जातंय. ही बघ."

त्यांनी खिशातून एक कागद काढला. माझी ऑर्डर! दीड वर्ष मी टेंपररी होतो. कागदावर लिहिलं होतं, श्री. जोतीराम यांना सेवेत कायम करण्यात येत आहे. खाली सहीची जागा मोकळी होती. माझ्या घरात त्या मोकळ्या जागेचा विषय रोज जेवताना निघायचा.

"चौदा गेली की सही," मालक म्हणाले. "तेरा गेली तर कागदाची पुडी करून चणं खा."

"झालीच म्हणून समजा, मालक!"

"मी उद्या लग्नाला चाललोय, निपाणीला. चारला येतोय." आणि ते गेले. निपाणीला जाणं म्हणजे तेव्हा चंद्रावर जाण्यासारखं होतं. कोगनोळीच्या नाक्यावर राज्य बदलायचं, रोमिंग सुरू व्हायचं आणि समस्त कोल्हापूरकर गाडी बाजूला घेऊन फोन बंद करायचे. मालक तर नाक्याच्या दोन किलोमीटर आधीच करायचे. उगाच कर्नाटकचा वारा लागायला नको!

त्या रात्री मला एकाग्रता सुचली.

शनिवारी सकाळी मी घरून पिठाचा स्टीलचा डबा आणला. खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि भाषण केलं. "मंडळी, आपला शत्रू पुण्यात न्हाय. आपला शत्रू खिशात हाय. फोन काढा."

"म्या न्हाय देणार," हंबीरराव म्हणाले. "माझा साप अर्धवट हाय."

"शांभवीला काय सांगू?" वीरेश.

"सांगू नको. त्यालाच एकाग्रता म्हणत्यात."

शेवटी आधी मी माझा टाकला, मग वीरेशनं डोळे मिटून टाकला, मग हंबीररावांनी सापाला पॉज करून टाकला. पुढच्या खोलीतल्या ऑफिसच्या टेलिफोनचा रिसीव्हरही मी उचलून बाजूला ठेवला. डबा घेऊन आक्काकडे गेलो.

"आक्का, ही आमची मनं हाईत. सांभाळ."

"व्हय? लई हलकी हाईत की!" आक्का डबा हलवून म्हणाली. "आणि वाजली तर?"

"उचलायचं न्हाय. फक्त एसेमेस आला तर बघायचा."

"मला इंग्रजी कुठं येतंय बाबा? सातवी पास मी."

"अक्षरं इंग्रजी असत्यात, भाषा मराठीच. जोडून जोडून वाच. शेवटाला 'का' आला की समजायचं, प्रश्न हाय. असेल तर हाय लिहायचं, नसेल तर न्हाय. एवढंच."

मी तिला शिकवलं. हाय लिहायला एच आणि आय. चारचं बटन दोनदा, जरा थांबायचं, चारचंच बटन तीनदा. झालं! न्हाय लिहायला मात्र एन, एच, ए, वाय. सहाचं दोनदा, चारचं दोनदा, दोनचं एकदा, नऊचं तीनदा.

"ह्याला लई बटनं लागत्यात रं," आक्का म्हणाली.

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. पण मी एकाग्र होतो.

"आणि आक्का, भूकंप झाला तरी दार वाजवायचं न्हाय!"

दार लावलं आणि आम्ही कामाला बसलो. पहिला अर्धा तास फार कठीण गेला. वीरेशचा अंगठा टेबलावर आपोआप नाचत होता. हंबीरराव कॅल्क्युलेटर हातात घेऊन दोन-चार-आठ-सहा दाबत होते. साप नव्हता, पण वळवत होते. मग हळूहळू शांतता उतरली. शेजारच्या शेडमधल्या पंख्याचा आवाज मला नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा ऐकू आला. खिडकीत उसावर बसलेला एक पक्षी दिसला. दीड वर्षं तो तिथंच असावा.

मधूनमधून बोळातून आवाज यायचा. डब्यात फोन थरथरला की स्टीलमध्ये असा घुमायचा की जणू कुणी पिंपात भुंगा कोंडलाय! घर्रर्र! आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो आणि परत रेघा मारायचो.

बारा वाजता आक्का चहा घेऊन आली. दार पायानं ढकललं.

"जोत्या, ती पुण्याची मॅडम—"

"आक्का!" मी हात जोडले. "एकाग्रता!"

"अरं पण ती इचारत्या—"

"उत्तर दिलंस न्हवं?"

"दिलं की. सगळ्यास्नी दिलं!"

"मग झालं की! जा."

आक्का चहा ठेवून गेली. जाताना म्हणाली, "मला काय करायचंय!" तेही मी नीट ऐकलं नाही.

पावणेचारला चौदावं ड्रॉइंग झालं. चौदा! हंबीररावांनी एकेक तपासलं. पंपाच्या मधल्या भोकाला आम्ही बोअर म्हणायचो, तो बासष्ट मिलिमीटर. चौदाही ड्रॉइंगांत बासष्ट. "एक केस इकडं न्हाय की तिकडं न्हाय," हंबीरराव म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीरेशनं मला मिठी मारली. मी मनातल्या मनात मालकांची सही बघत होतो.

"डबा आणा!" मी ओरडलो.

आक्कानं डबा आणला. आम्ही लग्नाच्या पंगतीसारखे त्यावर तुटून पडलो. तिळ्या भावंडांत आपापलं ओळखायला मिनिटभर गेलं. मग पहिली किंकाळी वीरेशची आली.

"आक्का! हे काय केलंस!"

त्यानं वाचून दाखवलं. शांभवीनं सकाळी विचारलं होतं, तुम्ही कामात आहात का? उत्तर, हाय. मग तिनं विचारलं, नुसतं हाय? माझा राग आला आहे का? हाय. मग, तुमचं दुसरीकडं कुठं आहे का? हाय. शेवटचा प्रश्न होता, म्हणजे लग्न मोडायचं आहे का?

"आणि त्यालाबी हाय?" वीरेशचा आवाज चिरकला.

"मग काय करू?" आक्का म्हणाली. "न्हायला किती बटनं लागत्यात, ठावं हाय का तुला?"

वीरेश हेल्मेट उलटं घालून बाहेर पळाला. त्याची मोटरसायकल गडहिंग्लजच्या दिशेनं गेली. इथंच सांगून टाकतो, लग्न झालं. पण शांभवीवहिनी अजून मला घरी चहा विचारत नाहीत.

दुसरी किंकाळी हंबीररावांची. त्यांच्या बायकोनं पोराकडून लिहून घेतलं होतं, शिरोळचं पावणं जेवायला येणार हाईत, मटण करू का? हाय. दोन किलो आणू का? हाय.

"आज शनिवार हाय!" हंबीरराव मटकन खाली बसले. बावीस वर्षं ते मारुतीचा शनिवार पाळत होते. शनिवारी त्यांच्या घरात अंडं फुटत नव्हतं. "माझी बायको बावीस वरसं माझ्या तोंडनं ही 'हाय' ऐकायला टपून बसली हुती रं जोत्या! आता रश्शाचा वास पार कोपऱ्यावर आला असंल!"

मी हसत होतो. इतकं हसलो की फोन हातातून पडता पडता वाचला. मग मी माझे मेसेज उघडले.

नऊ होते. सगळे पुण्याच्या कंपनीच्या प्रियदर्शनी मॅडमचे. चौदा ड्रॉइंगं ज्यांच्याकडे जायची त्या मॅडम.

टेलिफोन लागत नाही. तुम्ही ऑफिसात आहात का? हाय.

बोअर बासष्ट नको, आता पासष्ट करायचा आहे. सगळ्या ड्रॉइंगमध्ये बदलाल का? हाय.

त्यात काही अडचण आहे का? हाय.

काय अडचण ते सांगता का? हाय.

अहो, मी काहीतरी विचारते आहे, समजतंय का? हाय.

तुम्ही शुद्धीवर आहात का? हाय.

हा चावटपणा आहे का? हाय.

तुमच्या मालकांना हे माहीत आहे का? हाय.

त्यांच्याशी बोलू का?

हाय.

माझं हसू तिथंच थिजलं. एक तर चौदाच्या चौदा ड्रॉइंगं, एकाग्रतेनं, केसभरही न चुकता, चूक झाली होती. आणि दुसरं म्हणजे मॅडम पुण्याच्या. एच आय म्हणजे आमच्या गावात 'आहे'. पुण्यात ते इंग्रजी! सकाळपासून एका अनोळखी बाईला मी नऊ वेळा "हाय!" केलं होतं.

"रिसीव्हर," मी पुटपुटलो. "आधी फोन करून माफी मागतो."

मी पळत पुढच्या खोलीत गेलो आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवताक्षणी फोन वाजला. आणि माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि त्यानं तो उचलला. मालक! लग्नातून थेट, डोक्यावर भगवा फेटा, कपाळाला अक्षता चिकटलेल्या.

"बोला... नमस्कार मॅडम... कोण, जोतीराम?... काय करतोय?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सकाळपासून नुसतं हाय, हाय, हाय, हाय! मी काहीही विचारलं तरी हाय! तुमच्याकडे हे काय चाललंय?"

मालकांचा चेहरा भगव्या फेट्याखाली पांढराफटक झाला. त्यांनी रिसीव्हर अलगद टेबलावर ठेवला. मला वाटलं आता कन्नड सुरू होणार. पण मालक म्हणाले,

"बस, तम्मा."

दीड वर्षात मालकांनी मला कधी बस म्हटलं नव्हतं.

"काय तरास हाय तुला हितं?"

"कायबी न्हाय मालक."

"मग हाय हाय कशाला? पुण्यापातूर गेली की घोषणा!" मालक कुजबुजले. "प्रभुलिंगअण्णा हाय हाय, आसंच न्हवं? शेजारच्या कारखान्यात गेल्या महिन्यात मोर्चा आलता, तवाबी सुरुवात आशीच झालती. खरं सांग, किती जण हाईत तुझ्यामागं?"

मी मागं बघितलं. दारात हंबीरराव उभे होते. वीरेश तर गेलेला.

"एकच," मी म्हणालो. "दुसरा गडहिंग्लजला गेलाय."

"अय्यो!" मालकांनी कपाळाला हात लावला. अक्षता सांडल्या. "तिकडंबी पेटलं? झेंडा कुठला?"

मला प्रश्नच कळला नाही. पण मालकांनी विचारल्यावर काहीतरी सांगायचं ही माझी सवय. "अजून ठरलं न्हाय, मालक."

मालकांनी घाईघाईनं खिशातून माझी ऑर्डर काढली. टेबलावर पसरली. पेन उघडलं. "हे बघ, मी सही करतोय. आत्ता करतोय. पण गेटवर जायचं न्हाय. काय?"

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. पण दीड वर्षाची मोकळी जागा समोर होती आणि त्यात मालकांच्या पेनातून 'प्र' उमटला होता. मी मान खाली घालून गंभीर झालो. कामगार नेते होतात तसा.

आणि आक्का चहा घेऊन आली!

"मालक, त्या पोराला का बोलताय? हाय हाय मी केलंय."

पेन थांबलं. "आक्का, तू? नऊ वरसं तुझ्या हातचा च्या प्यालोय मी!"

"मग? नऊ वरसं रोजंदारीवरच पाजलाय की!"

तेवढ्यात टेबलावरच्या रिसीव्हरमधून आवाज आला. "हॅलो? हॅलो? कोणी आहे का?"

"ही बघा, परत का!" आक्का म्हणाली आणि तिनं रिसीव्हर उचलला. "हाय! हाय की! कोण, पुण्याची का तू? पोरी, सकाळधरनं मीच लिवतोय ते. आमच्यात हाय म्हंजे हाय. तुमच्यात काय आसतंय?"

पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं.

"आगं बया! म्हंजे मी तुला नऊ बारी नमस्कार घातला व्हय? आणि तू रागावलीस? नमस्काराला कोण रागावतंय, येडी का काय!"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग बराच वेळ आक्का नुसती "व्हय व्हय" करत राहिली. बासष्ट, पासष्ट, अडचण, चावटपणा, सगळ्याचा उलगडा झाला. मॅडम इतक्या हसल्या की त्यांनी सोमवार दुपारपर्यंत मुदत वाढवून दिली. फोन मालकांकडे गेला तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, आणि तेही आम्हाला ऐकू आलं, "अण्णा, तुमच्याकडे कुणी कधी मेसेजला उत्तरच देत नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी प्रत्येक मेसेजला दिलं."

मालकांनी फोन ठेवला. मोर्चा नाही, झेंडा नाही, काम शाबूत. त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला आणि समोरच्या ऑर्डरकडे बघितलं. तिच्यावर 'प्र' होता.

"मालक," मी हळूच म्हणालो, "'प्र'च्या पुढं..."

"व्हय," मालक म्हणाले. "सुरू केलेली सही मी आर्धी सोडत न्हाय. कॉम्प्युटरवर बस. हीच ऑर्डर परत टाईप कर. फकस्त नाव बदल."

"कुणाचं घालू?"

मालकांनी आक्काकडे बोट केलं. हंबीरराव "बरोबर हाय!" म्हणाले. माझ्याकडचं ते शेवटचं माणूस होतं.

सगळे माझ्यामागून आमच्या खोलीत आले. मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि थांबलो. "आक्का, तुझं नाव काय?"

कुणालाच माहीत नव्हतं. मालकांना नाही, हंबीररावांना नाही. नऊ वर्षं ती आमच्या सगळ्यांची आक्का होती आणि आक्का म्हटलं की पुढं काही लागायचंच नाही.

"बनाबाई," ती म्हणाली, आणि कुणीतरी पहिल्यांदाच विचारल्यासारखी लाजली. "बनाबाई पिराजी. नीट लिव बाबा. घरी दाखवायची हाय."

चौदा ड्रॉइंगं मी रविवारी एकट्यानं पुन्हा काढली, पासष्टनं. माझी ऑर्डर यायला पुढं चौदा महिने लागले. आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिच्या घरी बाहेरच्या खोलीत ती ऑर्डर अजून काचेच्या चौकटीत आहे. परवा गेलतो तेव्हा मुद्दाम जवळ जाऊन बघितली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. त्या शनिवारी मी एकाग्रतेनं केलेला, एकही चूक नसलेला, तो एकमेव कागद!